बंधुसभेच्या दारावरचे हात

मी बंधुसभेच्या दारावरचा दगड बोलतोय. दगड म्हटलं की तुम्हाला पायरी आठवेल, नाहीतर ठेच, म्हणून जरा नीट सांगतो. एकमेकांत घट्ट धरलेले दोन हात, मनगटापर्यंत, भिंतीतून वीतभर पुढे आलेले, तो मी. हातांना तोंड कुठून फुटलं असं विचारू नका. ज्यांच्या दारावर मी बसलोय त्यांना तोंडच तोंड आहे, हात नाहीत. कुठंतरी भरपाई व्हायलाच हवी होती.

माझं बरंचसं अंग भिंतीत आहे. मी आरपार बसवलेला दगड. तोंड रस्त्याकडे आणि पाठ आतल्या सभागृहात, अध्यक्षांच्या खुर्चीच्या बरोबर समोर. त्यामुळे बाहेरचं मला दिसतं आणि आतलं ऐकू येतं. पाठीनं ऐकणारा दुसरा कोणी तुम्हाला भेटला नसेल. मलाही ही सवय काही हौसेनं लागलेली नाही.

आता ही बंधुसभा म्हणजे काय, ते सांगतो. जगातली सगळी माणसं एकमेकांची भावंडं आहेत, असं या सभेचं ठाम मत आहे. त्या सगळ्यांतून निवडून निवडून या गावात त्यांना अकरा भाऊ सापडले. आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, हे अकराजण काळे कोट घालून येतात, दार आतून लावून घेतात, कोटावर चामड्याचा एप्रन बांधतात, हातात पांढरे मोजे चढवतात आणि एकमेकांना पाथरवट म्हणतात. नवा असेल तो शिकाऊ पाथरवट, जुना असेल तो कसबी पाथरवट, आणि खुर्चीवर बसेल तो मुख्य पाथरवट. माणसाचं मन म्हणजे ओबडधोबड दगड, तो घडवायचा, असा त्यामागचा अर्थ. त्यांच्याकडे चांदीचा हातोडा आहे, चांदीची छिन्नी आहे, दोन्ही मखमली उशीवर निजलेली असतात. माझ्या जन्माच्या वेळी मुख्य पाथरवट होते एक लाकडाच्या वखारीचे मालक. त्यांचा दगडाशी आलेला एकमेव संबंध म्हणजे मूतखडा.

अशा लोकांनी नवी इमारत बांधली आणि दारावर काहीतरी शोभेसं कोरून हवं असं ठरवलं. भाऊपणाची खूण म्हणून हातात हात, हे सगळ्यांना एका झटक्यात पटलं. पुढचा प्रश्न आला, हात कुणाचे. मुख्य पाथरवट म्हणाले, एक माझा. चिटणीस म्हणाले, दुसरा माझा. इथवर सगळं भावाभावासारखं चाललं होतं. मग कुणीतरी विचारलं की हातात हात धरला की एकाचा अंगठा वर राहतो, तो कुणाचा? यावर तीन बैठका झाल्या. चिटणीस हे शाळेचे हेडमास्तर. लेखणी धरणारा अंगठा खाली राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. वखारवाल्यांचं म्हणणं, तुमच्या शाळेची बाकं कुणाच्या लाकडाची आहेत? शेवटी ठराव झाला की पाथरवटानं वाटेल त्याचे हात कोरावेत, पण सभासदांपैकी कुणाचे नकोत. भाऊपणाच्या खुणेसाठी अकरा भावांत दोन हात निघाले नाहीत. माझा पाया असा घातला गेला.

हा निरोप गेला गावाबाहेरच्या एका खऱ्या पाथरवटाकडे. जाती, उंबरे, नावाच्या पाट्या, थडग्यांचे दगड, असलं काम करणारा माणूस. घरामागच्या अंगणात त्याचा कारखाना, म्हणजे एक पत्र्याची शेड आणि पाण्याचं पिंप. खाणीतून मी तिथं आलो तेव्हा माझ्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं. त्यानं माझ्याभोवती दोन फेऱ्या घातल्या, हातोड्यानं टकटक करून आवाज ऐकला आणि बायकोला हाक मारली.

बायको त्याच्याबरोबरच काम करायची. कोरायचं त्यानं आणि घासायचं तिनं, वाळू, पाणी आणि जुन्या पोत्याचा तुकडा घेऊन. घासकामाशिवाय कोरीवकाम म्हणजे दाढी न केलेला नवरदेव, असं ती म्हणायची. तिचा हात लहान होता, निबर होता, आणि त्याची करंगळी जराशी वाकडी होती. कधीतरी जातं उचलताना मोडली होती ती.

त्यानं तिचा हात हातात घेतला आणि बघत बसला. दगडात काम करणारे बघतात फार. हाडं कुठं उचलतात, कातडी कुठं दबते, सावली कुठं पडते, हे डोक्यात पक्कं बसल्याशिवाय छिन्नी लावायची नसते, कारण चुकलं तर खोडून टाकायला दगड म्हणजे पाटी नव्हे. आत चुलीवर दूध ठेवलेलं होतं.

"अहो, एक तर काम करा नाहीतर हात सोडा," ती म्हणाली. "दूध उतू चाललंय."

दूध गेलंच उतू. मग त्याला आणखी वेळ मिळाला.

महिनाभरात मी तयार झालो. उजवीकडचा हात त्याचा, रुंद पंजाचा, नखं बोथट. डावीकडचा तिचा, वाकड्या करंगळीसकट. कोरलं त्यानं, घासलं तिनं. स्वतःचा हात तिनं स्वतःच घासला, आणि घासताना एकदा म्हणाली की माझ्या खऱ्या हाताला इतकं तेलपाणी कधी मिळालं नाही. मला बैलगाडीतून आणून दारावर चढवलं. अकराही भाऊ खाली उभे राहिले, टाळ्या वाजवल्या, आणि बोटाएवढा तरी फरक त्यांतल्या एकाच्याही ध्यानात आला नाही.

बसवायचं काम झालं आणि पाथरवटाच्या डोक्यात एक खूळ शिरलं. जिथं सगळेच पाथरवट, तिथं खऱ्या पाथरवटाला कोण नाही म्हणेल, असं त्या भाबड्याला वाटलं आणि त्यानं सभासद होण्यासाठी अर्ज केला. बायकोनं त्याला आधीच सांगितलं होतं की त्यांना दगड लागतो, तुम्ही नाही. पण घरातल्या शहाण्या माणसाचं ऐकतो कोण?

बंधुसभेत मतदान खड्यांनी होतं. लाकडी पेटीत प्रत्येकानं एक खडा टाकायचा. हवा असेल तर पांढरा, नको असेल तर काळा. एक जरी काळा निघाला तरी अर्ज बाद, आणि तो कुणी टाकला हे कधी कुणाला कळायचं नाही. पांढरे खडे शिंपल्याचे आहेत, त्यांचा आवाज पोकळ येतो. काळे आमच्या जातीचे, ते पडताना मला ओळखू येतात. अकरा खडे पडले, अकराही काळे. प्रत्येकानं मनाशी धरलं होतं की बाकीचे दहा उदार आहेत, माझा एक खपून जाईल. चिटणीसांनी पेटी उघडली, घसा खाकरला आणि जाहीर केलं की दुर्दैवानं एक खडा काळा निघाला. मग अकरा भाऊ एकमेकांना धीर देत बसले. इतक्या कोत्या मनाचा माणूस आपल्यात असावा याचं प्रत्येकाला मनापासून वाईट वाटलं. वखारवाल्यांनी तर रुमाल काढून नाक शिंकरलं.

त्यानंतरची बावीस वर्षं माझ्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. कबुतरं येत, त्यांना माझी मनगटं बसायला सोयीची. उन्हापावसानं रंग काळवंडला. खालून भाऊ येत जात. दारात भेटले की एकमेकांचे हात हातात घेत आणि त्याच वेळी समोरच्याच्या खांद्यावरून मागे बघत, यापेक्षा कामाचा कोणी येतोय का. मी बावीस वर्षं एकच हात धरून राहिलो होतो, त्यामुळे असेल, मला त्यांची घाई कळायची नाही. अधूनमधून एखादा भाऊ वारे, मग त्याच्या जागी नवा येई. आत त्याच्यासाठी भाषण होई की आपल्या भिंतीतला एक दगड निखळला. मी भिंतीतच होतो, पण मला कुणी विचारलं नाही.

पाथरवटाची बायको गेली ती बाविसाव्या वर्षी. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. हे मला कळलं ते असं की एका दुपारी तो आणि त्याची मुलगी रस्त्याच्या पलीकडे येऊन उभे राहिले. मला बसवलं तेव्हा ही मुलगी नुकती चालायला लागली होती. आता ती बापाच्या शेडमध्ये काम करत होती, पाट्यांवर अक्षरं कोरण्यात बापापेक्षा सरस होती. दोघं बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं बोलणं मला ऐकू आलं. तिचा फोटो काढायचा राहूनच गेला होता. काढू, काढू म्हणत राहिलं, आणि तिला स्वतःला कॅमेऱ्यासमोर उभं राहायची लाज वाटायची. घरात तिची लुगडी होती, पोत्याचा तुकडा होता, पण ती कुठंच नव्हती. तिचं म्हणून जे दिसेल असं या जगात एकच उरलं होतं, माझा डावा हात. त्यानंतर ती दोघं महिन्यातून एकदा येऊ लागली. कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून समोरच्या चांभाराच्या दुकानाशी उभी राहात.

हे असंच चाललं असतं. पण बंधुसभेत एक जागा रिकामी झाली आणि तिथं हातमोजेवाला आला.

हातमोजे विकणारा हा गृहस्थ, चाळीस वर्षं गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघून नंबर सांगणारा. फीत लावायची त्याला गरज पडत नसे. बंधुसभेचा रिवाज असा की नव्या भावानं आत बोलावणं येईपर्यंत दाराबाहेर पायरीवर उभं राहायचं, तीन टकटक ऐकू आल्या की आत जायचं. आत भाषणं लांबली. पायरीवर उभ्या माणसानं करायचं काय? त्यानं वर पाहिलं. बावीस वर्षांत खालून वर बघणारा हा पहिला भाऊ, आणि तोही अजून भाऊ झाला नव्हता. त्यानं डोळे बारीक केले, मान डावीकडे केली, उजवीकडे केली आणि ओठ पुटपुटले. तेवढ्यात टकटक झाली.

आत त्यानं शपथ घेतली की बंधूंपासून मी काहीही लपवून ठेवणार नाही. आणि शपथ ताजी असतानाच ती पाळून टाकली.

"वर दारावर जे हात आहेत," तो म्हणाला, "त्यातला डावीकडचा बाईचा आहे. सहा नंबर."

आत दहा खुर्च्या एकदम करकरल्या. मग कुणीतरी म्हणालं, कोवळ्या तरुणाचा असेल. हातमोजेवाल्यानं मनगटाच्या हाडापासून बोटांच्या पेरांपर्यंत सगळं समजावून सांगितलं. चाळिशीची बाई, कामाची, करंगळी मोडून बसलेली. त्याचं एक अक्षर चुकलं नाही. ज्या सभेच्या पहिल्याच कलमात स्त्रीला उंबऱ्याच्या आत मज्जाव आहे, तिचे भाऊ बावीस वर्षं एका बाईच्या हाताखालून आत जात होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. एकाला काळजी पडली की गावाला कळलं तर काय होईल. दुसऱ्याला त्याहून मोठी काळजी होती, ती म्हणजे घरी कळलं तर काय होईल.

पाथरवटाला बोलावणं गेलं. तो मुलीला घेऊन आला. मुलीला आत येता येणार नाही असं सांगितल्यावर तोही पायरीवरच थांबला. त्यामुळे वखारवाले आणि चिटणीस उंबऱ्याच्या आत, बापलेक बाहेर आणि वर मी, अशी ती बैठक झाली. दोन्ही भाऊ आता म्हातारे झाले होते, पण अंगठ्याचा राग दोघांच्याही मनात तरुण होता. चिटणीसांनी वर्गात विचारावं तसं विचारलं की हे काय केलंत तुम्ही?

"हात केले," पाथरवट म्हणाला. "हा माझा. तो हिच्या आईचा."

चिटणीस म्हणाले, दोनच मार्ग आहेत. एक तर तुम्ही स्वतः हे दुरुस्त करा, नाहीतर पहार घेऊन गवंडी तयार आहे. तो सगळंच उपटून काढेल आणि तिथं सिमेंटची पाटी बसवेल. मुलगी पुढं झाली. तिनं सांगितलं की नको असेल तर आम्हाला परत द्या, आम्ही घरी नेतो. यावर वखारवाले हसले. सभेच्या मानाची वस्तू अशी कुणाच्या घरी देता येत नाही, म्हणाले. पहारीनं फोडता येते, पण देता येत नाही, हा मानाचा नियम मला तेव्हा पहिल्यांदा कळला.

पाथरवटानं मान खाली घातली. मला वरून त्याचं टक्कल तेवढं दिसत होतं, पण तो काय विचार करतोय ते मला कळत होतं. नाही म्हणावं तर पहार, ती सगळीच गेली. हो म्हणावं तर तिचा हात आपल्याच छिन्नीनं घालवायचा. दगडापेक्षा वीट मऊ म्हणावं, तर इथं दोन्ही बाजूंनी दगडच होता. मी इतक्या वर्षांत कधी घाबरलो नव्हतो. त्या दिवशी घाबरलो.

शेवटी तो म्हणाला, "करतो. पण एक आधीच सांगतो. दगडातून काढता येतं, दगडात घालता येत नाही. जे बारीक आहे ते जाड व्हायचं नाही."

त्यानं सरळ, उघड, दोन माणसांच्या तोंडावर सांगितलं. यात कुठं लबाडी आहे का तुम्हीच बघा. चुलीवरच्या भातात मीठ जास्त झालं तर काढता येत नाही आणि दगडात कमी पडलं तर घालता येत नाही, हे पाथरवटाच्या पोराला दात यायच्या आधी कळतं. पण हे दोघे मनाचे पाथरवट. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, डोळे मिटले, माना डोलावल्या. दगडात असतं तेच असतं, आपण फक्त जास्तीचं काढतो, हे वाक्य ते दर आठवड्याला एप्रन बांधून म्हणत होते. त्याचा अर्थ दुर्गुण काढून टाकणं असा आहे, हे त्यांना पाठ होतं. त्याला आणखी एखादा अर्थ असेल, म्हणजे दगडाबद्दल वगैरे, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

"वा," वखारवाले म्हणाले. "किती खोल बोललात."

पाथरवटानं हुकूम लेखी मागितला. तिथंही गंमत झाली. बाईचा हात पुरुषाचा करावा असं लिहायचं, तर दारावर बाईचा हात होता हे दप्तरात कायमचं नोंदलं जाणार. इतिवृत्तात आजवर बाई हा शब्द आला नव्हता. पुन्हा तीन बैठका. शेवटी चिटणीसांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं की दारावरील दोन्ही हात एकसारखे करण्यात यावेत. खाली सगळ्यांनी सह्या केल्या. हातमोजेवाल्यानंही केली.

परांची बांधली गेली. रस्त्यावरून कुणी बघू नये म्हणून भावांनी तिला चहूबाजूंनी ताडपत्री लावून घेतली. आत आम्हीच, पाथरवट, मुलगी आणि मी. पहिल्या दिवशी त्यानं काहीच केलं नाही. बायकोच्या हातावरची कबुतरांची घाण ओल्या फडक्यानं पुसली, वाकड्या करंगळीवरून बोट फिरवलं आणि बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मुलीला म्हणाला, "तुझा हात दे."

तिनं हात पुढं केला. त्यानं तो माझ्या उजव्या हातावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या हातावर ठेवला आणि कोळशानं तिच्या बोटांच्या कडेनं रेघ काढायला लागला. तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिनं हात झटकन मागे घेतला.

"बाबा, तुमचा हात जाईल याच्यात."

"माझा हात माझ्यापाशी आहे," तो म्हणाला. "तिचा तेवढा इथं आहे."

ती रडली. तोही रडला असावा, पण छिन्नी चालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यात कपची गेली असं म्हणता येतं. मी दगड आहे, मला त्यातलं काही करता येत नाही. पण खरं सांगतो, मला दुखलं. टाकीचे घाव सोसले की देवपण येतं असं तुम्ही म्हणता. मी ते दोनदा सोसले. पहिल्यांदा त्याचा हात माझ्यात आला तेव्हा आणि दुसऱ्यांदा तो गेला तेव्हा. देवपण आलं नाही. त्या माणसाचा रुंद पंजा पापुद्र्या-पापुद्र्यानं खाली पडत होता आणि प्रत्येक पापुद्र्याबरोबर तो तिच्या हातातून थोडा थोडा सुटत होता. नवऱ्यानं बायकोचा हात सोडावा आणि तो मुलीच्या हाती द्यावा, हे काम त्यानं चार दिवसांत पुरं केलं. डाव्या हाताला त्याची छिन्नी एकदाही लागली नाही. घासकाम मुलीनं केलं, वाळू, पाणी आणि आईचा तो पोत्याचा तुकडा घेऊन.

ताडपत्री निघाली त्या संध्याकाळी अकराही भाऊ पांढरे मोजे घालून रस्त्यावर आले. माना वर झाल्या. बावीस वर्षांतली ही दुसरी वेळ.

वखारवाल्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. चिटणीसांनी चष्मा पुसून पाहिलं. दोन्ही हात अगदी एकसारखे होते. सुबक, बारीक, मनगटं नाजूक, डावीकडचा जरा पोक्त, उजवीकडचा जरा तरुण. आधीपेक्षा शोभून दिसतंय, असं एक भाऊ म्हणाला. आता कसा खरा बंधुभाव वाटतो, असं दुसरा म्हणाला.

हातमोजेवाला मात्र बघतच राहिला. एक सहा नंबर, दुसरा सव्वासहा. त्यानं मान खाली केली, तर समोर पाथरवटाची मुलगी हातातली दगडाची पूड झटकत होती. त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं आणि पुन्हा वर पाहिलं. त्याचं तोंड उघडलं.

"काय बंधू," वखारवाल्यांनी विचारलं, "तुमचं काय मत?"

आता बोलावं तर शपथ पाळली जाईल, पण हुकमाखालच्या अकरा सह्यांत त्याचीही एक होती. आणि समोर ती पोरगी पूड झटकायची थांबून त्याच्याकडे बघत होती.

"एकसारखे आहेत," तो म्हणाला.

ही दया होती की भीती, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. मी त्याला दयेचा फायदा देतो, कारण त्या सभेत दयेचा तेवढाच एक संशयित आढळला. पुढे त्यानं जिवंत असेतो दारातून जाताना माझ्याकडे बघून टोपी काढली. बाकीच्यांना वाटे, काय निष्ठा आहे सभेवर.

पाथरवट आणखी चार वर्षं जगला. चांभारानं त्याला दुकानाबाहेर एक स्टूल दिलं होतं. दुपारी येऊन तो त्यावर बसे आणि माझ्याकडे बघे. त्याचा गुडघा दुखायचा, दम लागायचा, पण चेहरा बरा असायचा. घरची दोन माणसं नीट पोचली आहेत हे पाहिलेल्या माणसाचा असतो तसा.

आता भाऊ पाचच उरलेत. वखारवाले गेले, चिटणीस गेले, अंगठ्याचं भांडण बरोबर घेऊन गेले. तरुणांना आता भाऊपणासाठी एप्रन लागत नाही म्हणे, आणि या पाचजणांना अजून वाटतं की गाव त्यांच्या रहस्यासाठी तळमळतंय. माझ्या एका कोपऱ्याला चीर गेली आहे. पाऊस तिच्यात शिरतो. भावांना ते माहीत नाही, कारण माहीत व्हायला वर बघावं लागतं.

मुलगी मात्र येते. तिचे केस पांढरे झालेत, शेड तीच चालवते. वर्षातून एकदा शिडी घेऊन येते, मऊ ब्रशनं मला धुते, चिरेत चुना भरते. परवानगी तिनं कधी विचारली नाही, आणि शिडीवरची बाई भिंत धुतेय यात भावांना नवल वाटलं नाही. बायकांचं हे काम त्यांना मान्य आहे. या वर्षी मात्र सभेचे नवे चिटणीस, विम्याच्या ऑफिसातले, दारात थबकले. त्यांनी वर पाहिलं, म्हणजे तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला, असं विचारलं. ती म्हणाली, कुणी नाही.

"मग तुमचं इथं कोण आहे?" ते म्हणाले. "आमच्यापैकी कुणी भाऊ लागतो का तुमचा?"

"भाऊ कुणी नाही," ती म्हणाली. "आई आहे."

बाईचं डोकं फिरलेलं दिसतंय असं ठरवून चिटणीस हसले आणि आत गेले. दार आतून लागलं. तिनं ब्रश बादलीत बुडवला आणि करंगळीपाशी राहिलेली माती काढायला घेतली.

तेव्हा तुमच्याकडे एकच मागणं. कधी या रस्त्यानं आलात तर मान वर करा आणि आम्हाला पोटभर बघा. खालचे पाचजण अभिमानानं सांगतील की हे दोन भावांचे हात आहेत. तिथं हो म्हणा. पहार अजून त्यांच्या अडगळीच्या खोलीत आहे.